फोनच्या मानाने

तीन वर्षांपूर्वीचा जून. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने मामाच्या वाडीकडे निघालेली आमची जीप पंक्चर झाली आणि आम्ही नऊ-दहा जण रस्त्यावर उतरलो. पाऊस अजून लागला नव्हता. धरणाचं पाणी उन्हाळ्याने खूप मागे हटलेलं, मधे भेगाळलेला गाळ, पलीकडे रतनगड आणि गडाच्या मागून वर चढत येणारे काळे ढग. वारा एकदम थांबलेला. ड्रायव्हर जॅक लावत होता आणि बाकीचे त्याला सल्ले देत होते. मी फोन काढला.

फोन साडेसात हजारांचा, लेन्सवर एक चरा, मेमरी कायम भरलेली. आधी फॅमिली ग्रुपवरचे दोन व्हिडिओ उडवले, जागा केली आणि मग फोटो काढला. एकच. दुसरा काढेपर्यंत ढगांमधली फट बुजली होती.

पुण्याला परतल्यावर तो फोटो मी कॉलेजातल्या एका सीनियर दादाला पाठवला. त्याच्याकडे मोठा कॅमेरा होता, तीन लेन्स होत्या, आणि आमच्या गॅदरिंगचे फोटो तोच काढायचा. फोटोखाली मी लिहिलं, 'फोनवर काढलाय हं. कसा वाटतोय?' दोन निळ्या टिका आल्या आणि लगेच उत्तर, 'फोनच्या मानाने एकदम भारी!'

दोन दिवस मी हवेत होते. फोटो स्टेटसला ठेवला, डीपीला ठेवला. तिसऱ्या दिवशी बसमध्ये उभी असताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि या वेळी त्यातला पहिला शब्द टोचला. फोनच्या मानाने. म्हणजे फोटो भारी नाहीच. माझ्या फोनकडून त्याची जी अपेक्षा होती तिच्यापेक्षा तो बरा आहे, एवढंच.

हा 'मानाने' मला आधीपासून ओळखीचा आहे, म्हणून तो जास्त टोचला असेल. 'मराठी मीडियमच्या मानाने इंग्लिश चांगलं आहे तुझं.' 'गावाकडच्या मानाने राहणीमान बरंय की.' 'मुलीच्या मानाने गाडी छान चालवतेस.' तुम्हीही यातलं एखादं ऐकलं असेल, किंवा कुणाला ऐकवलं असेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तो कौतुकच करत असतो. पण कौतुक करता करता तुमच्यासाठी वेगळी, जरा बुटकी पट्टी काढतो आणि तिच्यावर तुम्हाला उंच ठरवतो.

तरी दादावर चिडण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. ती पट्टी त्याच्या हातात मीच दिली होती. 'फोनवर काढलाय हं' हे माझं वाक्य होतं, आणि ते मी फोटोच्याही आधी टाईप केलं होतं. चिलखतच ते. फोटो वाईट निघाला तर दोष फोनचा, चांगला निघाला तर श्रेय माझं. असा करार करून प्रतिक्रिया मागितली की समोरच्याला खरं बोलायला जागाच उरत नाही. त्याने फक्त मी केलेल्या करारावर सही केली.

मग प्रश्न असा की हा करार चूक आहे का? साधन तोकडं असेल तर ते धरूनच मोजायला नको का? न्यायाची आपली साधी समज तर तेच सांगते. अनवाणी धावलेल्या पोराची वेळ आणि बूट घालून धावलेल्याची वेळ सारखीच धरली तर आपल्याला ते खटकतं.

आणि फोन तोकडा असतो, हे काही खोटं नाही. स्वस्त फोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ५ बाय ४ मिलिमीटरचा असतो, तुरीच्या दाण्याएवढा. दादाच्या कॅमेऱ्यातला, ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात चाळीसपटीहून जास्त फरक. पागोळीखाली वाटी ठेवली आणि घमेलं ठेवलं तर पाणी जितकं कमी-जास्त जमेल, तितका प्रकाश कमी-जास्त जमतो. म्हणून संध्याकाळी काढलेल्या फोनच्या फोटोत सावल्यांमध्ये रवा पसरल्यासारखे दाणे दिसतात. वर आभाळ लखलखीत आणि खाली डोंगर काळा असला, की एवढ्याशा सेन्सरला दोन्ही एकदम पेलत नाही. एक तर आभाळ पांढरं फटक होतं, नाही तर डोंगर कोळसा. नवे फोन यावर तोड म्हणून तीन-चार फोटो झरझर काढून एकत्र शिवतात. माझा फोन तसं करायला गेला की हँग व्हायचा.

त्यात फोनची मुख्य लेन्स रुंद नजरेची. कॅमेऱ्याच्या भाषेत २६ ते २८ मिलिमीटरच्या आसपासची. ती पुष्कळ काही फ्रेममध्ये घेते आणि त्या बदल्यात लांबचं सगळं बारीक करून टाकते. कोजागिरीच्या चंद्राचा फोटो काढून पाहिलेल्या कुणालाही हे दुःख माहीत आहे. डोळ्यांना ताटाएवढा दिसलेला चंद्र फोटोत साबुदाणा होतो. आपण बघतो तेव्हा नुसते डोळे बघत नसतात. मन ज्यावर जडतं त्याला मोठं करतं. लेन्सचं मन कशावर जडत नाही.

त्यामुळे 'कॅमेरा महत्त्वाचा नसतो, नजर महत्त्वाची' हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. ते म्हणणाऱ्याच्या गळ्यात बहुतेक वेळा दीड-दोन लाखांचा कॅमेरा लटकत असतो. रात्रीच्या ताऱ्यांचा फोटो काढायचा असेल, दरीपलीकडच्या कड्यावरची गिधाडं टिपायची असतील, तर कॅमेरा महत्त्वाचा असतो. भरपूर. श्रीमंताने 'पैशाने सुख मिळत नाही' म्हणावं तसलं ते सांत्वन आहे.

पण मग अँसल अ‍ॅडम्स आठवतो. अमेरिकेतल्या योसेमिटीचे कृष्णधवल फोटो काढणारा तो. १९२७ च्या एप्रिलमध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, तो तिथल्या हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन चढला. मनासारखा उजेड पडला तेव्हा त्याच्याकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. वापरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की यात आभाळ नेहमीसारखंच येणार आणि कडा बघताना आपल्याला जे वाटतंय ते यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. आभाळ जवळजवळ काळं आलं आणि त्यापुढे तो कडा एखाद्या कोऱ्या चेहऱ्यासारखा उभा राहिला. 'मोनोलिथ' नावाचा तो फोटो आज जगभर ओळखला जातो.

आता तो फोटो बघून कुणी 'दोनच प्लेटांच्या मानाने छान' असं म्हणत नाही. म्हटलं तर हसू येईल. दोनच प्लेटा होत्या ही गोष्ट कळल्यावर आपल्याला अ‍ॅडम्सबद्दल काहीतरी वाटतं, आदर म्हणा, धाकधूक म्हणा. पण ते माणसाबद्दल. फोटो भिंतीवर एकटाच असतो. त्याच्या शेजारी उभं राहून 'काय सांगू, प्लेटाच संपल्या होत्या' असं सांगायला अ‍ॅडम्स येत नाही.

इथे मला वाटतं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, या माणसाने जे केलं ते किती अवघड होतं. दुसरी, जे झालं ते कसं आहे. पहिलीत साधन, परिस्थिती, वय, गाव सगळं धरायलाच हवं. न धरणं म्हणजे माज. दुसरीत ते धरलं की आपण नकळत समोरच्याला कच्च्या लिंबूत काढतो. खेळायला घेतलंय, पण आउट झालास तरी चालेल. लहानपणी कच्चा लिंबू होऊन खेळलेल्या प्रत्येकाला त्यातला अपमान आठवत असेल. आपल्याला धावून आउट करण्याच्या लायकीचंही कुणी समजत नाही, हा तो अपमान.

कांटने १७९० साली सौंदर्याच्या निवाड्यावर एक अवघड ग्रंथ लिहिला. त्यातला एक मुद्दा मात्र कुणालाही पटकन समजेल असा आहे. 'मला आवडलं' म्हणताना मी फक्त माझ्याबद्दल बोलते. 'सुंदर आहे' म्हणते तेव्हा मी पुढे जाऊन जणू असं मागते, की तुम्हालाही ते तसं वाटायला हवं. म्हणजे मी माझा शब्द पणाला लावते. 'फोनच्या मानाने भारी' यात काहीच पणाला लागत नाही. ते म्हणायला फोटो नीट बघावासुद्धा लागत नाही, फोनचं मॉडेल कळलं की पुरे. दादाने माझा फोटो दोन सेकंद पाहिला होता. खटकलं ते हेच.

नीट बघणं म्हणजे काय असतं हे मला त्याच वर्षी दिवाळीत मामाकडून कळलं. लगेच सांगते, खेड्यातला अडाणी माणूस शहाण्यांना शिकवतो, अशी गोष्ट मला सांगायची नाही. मामाचा सगळ्यात आवडता फोटो म्हणजे गुलाबी आभाळ, दोन हंस आणि वर 'शुभ सकाळ'. तो त्याने माझ्या फोटोच्या आधी मला कौतुकाने दाखवला होता. पण माझा फोटो मात्र त्याने फोन उजेडाकडे तिरका धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला,

"ह्यो रतनगड व्हय? मंग खुटा कुठाय?"

गडाच्या शेजारी अंगठ्यासारखा उभा सुळका आहे, त्याला खुटा म्हणतात. मामा जन्मापासून तो बघत आलाय. मी झूम करून दाखवला. चार-पाच काळे ठिपके.

"एवढुसा? आन् तू हुभी कुठं व्हतीस?"

"रस्त्यावर. जीप बंद पडली होती ना."

"मंग तसंच दिसायचं. खाली पाण्याकडं उतरली असतीस, तर गड आंगावर आला असता."

एवढंच. त्याला रुंद लेन्स, फोकल लेंथ यातलं काही माहीत नव्हतं. पण त्याने नेमकं तेच सांगितलं, जे दादाला सांगता आलं असतं आणि त्याने सांगितलं नाही: या फोटोत डोंगर हरवलाय, आणि तो फोनमुळे कमी, तू जिथे उभी होतीस त्यामुळे जास्त हरवलाय. गाळातून उतरायला पैसे पडत नव्हते. गड लांबच राहिला असता, थोडाच मोठा दिसला असता, हे खरं. पण मधला रस्ता, कठडा, अर्धी फ्रेम खाणारा गाळ मागे पडून पाणी पायाशी आलं असतं आणि नजर सरळ गडावर गेली असती. जीपजवळ उभी राहिले कारण चपला खराब झाल्या असत्या.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या एका निबंधात 'डॉन किहोटे'मधल्या सांचो पांझाच्या तोंडची एक गोष्ट सांगितली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना एकदा पिंपातली वाईन चाखायला बोलावलं. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही खूप हसले. शेवटी पिंप रिकामं झालं तर तळाशी निघाली एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली.

मला यातला पिंप रिकामं होण्याचा भाग आवडतो. त्या दोघांची जीभ बारीक होती हे आहेच, पण त्यांनी जे सांगितलं ते तपासता येत होतं. 'भारी' तपासता येत नाही. 'खुटा कुठाय' तपासता येतं. फोटो उघडा, शोधा, सापडत नाही. कुणी अशी किल्ली दाखवून दिली की तिच्याशी भांडताही येतं. 'मला खुटा नकोच होता, मला ढगच हवे होते,' असं मी मामाला म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण मला खुटाही हवा होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. मी शहाणी झाले असते.

पण मी नुसतीच हुशार झाले. पुढचे काही महिने मी कंपोझिशनवरचे व्हिडिओ पाहिले, क्षितिज सरळ ठेवायला शिकले. आभाळावर बोट टेकवून उजेड कमी करायचा, म्हणजे ढग जळत नाहीत, हे शिकले. छोट्या सेन्सरमुळे जवळचं गवत आणि लांबचा डोंगर दोन्ही आपसूक स्पष्ट येतात, हेही कळलं. त्यासाठी मोठ्या कॅमेऱ्यावर छिद्र बारीक करत बसावं लागतं. अ‍ॅडम्स आणि त्याच्या मित्रांनी १९३२ मध्ये आपल्या गटाला अशाच एका बारीक छिद्राच्या आकड्यावरून 'एफ ६४' असं नाव दिलं होतं. तर अशी सगळी माहिती माझ्याकडे साठली आणि ती कुणावर तरी सांडायची होती.

मामाचा धाकटा मुलगा तेव्हा अकरावीला गेला होता. जलाशयाच्या दुसऱ्या अंगाच्या एका गावात वसतिगृहात राहायचा. त्याच्या वाट्याला घरातला सगळ्यात जुना फोन आला होता. जुलैच्या एका रविवारी त्याचा मला फोटो आला. गच्चीवरून काढलेला. पावसाळी पाणी, वर ढग, कडेला डोंगराची सोंड, क्षितिज उजवीकडे कललेलं. खाली लिहिलं होतं, 'ताई कसाय?'

'फोनच्या मानाने' म्हणायचं नाही, हे मी ठरवलेलं होतं. मी त्याला बरोबरीच्या माणसासारखं वागवणार होते. मी त्या फोटोकडे चांगली दहा मिनिटं पाहिलं आणि लांबलचक मेसेज लिहिला. क्षितिज वाकडं आहे. आभाळ जळलंय. पुढच्या बाजूला कठडा आलाय, तो नको. नजर कुठे थांबवावी ते कळत नाही. आणि उजवीकडचा खालचा कोपरा क्रॉप कर, तिथे काहीच नाहीये.

त्याचं उत्तर आलं, 'ओके ताई', आणि एक अंगठा. त्यानंतर त्याने मला फोटो पाठवला नाही. महिना, दोन महिने. मला ते कळलंसुद्धा नाही. गणपतीत मामीशी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, "त्याला पयल्या पयल्यानं लई घरची आठवण यायची. मंग गच्चीवरनं आपलं घर दिसतंय म्हणून रोज चढायचा. तुला फोटू धाडला व्हता म्हणं त्यानं, घराचा."

घराचा?

मी फोन ठेवला आणि तो फोटो शोधून काढला. उजवीकडचा खालचा कोपरा. पाण्यापलीकडे हिरव्या-करड्या पट्ट्यात एक निळसर ठिपका. पत्र्यावर टाकलेला निळा प्लास्टिकचा कागद. मी त्या कागदाखाली झोपलेय.

तेव्हापासून मी या ठिपक्याशी वाद घालते आहे. फोटो म्हणून पाहिला तर माझं म्हणणं अजूनही चूक नाही. ज्याला माहीत नाही त्याला त्या कोपऱ्यात काहीही दिसणार नाही, आणि फोटोसोबत मामी येणार नाही सांगायला. अ‍ॅडम्सच्या भिंतीचा नियम त्यालाही लागू. पण तो फोटो त्याने भिंतीसाठी पाठवलाच नव्हता. मला पाठवला होता. ज्या मोजक्या लोकांना तो ठिपका ओळखता आला असता त्यांतली मी एक. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त काव्याच्या रसिकाला 'सहृदय' म्हणतात, ज्याचं हृदय कवीच्या हृदयाशी जुळतं असा. मी दहा मिनिटं पाहिलं होतं, पण परीक्षक म्हणून. दहा मिनिटं बघूनही घर दिसलं नाही. दादाने दोन सेकंद बघितलं आणि माझं काही तोडलं तरी नाही.

मग काय, 'मस्त' म्हणून मोकळं व्हायचं? तेही पटत नाही. 'मस्त' म्हटलं असतं तरी घर दिसलं नसतंच. मामाने मला विचारलं होतं, तू उभी कुठं होतीस. तो प्रश्न मी सल्ला म्हणून लक्षात ठेवला, तांत्रिक मुद्दा म्हणून, आणि तो आधी एक प्रश्न होता हे विसरले. त्याने विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. मी भावाला काहीच विचारलं नाही. 'यात काय दाखवतोयस रे?' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. आणि हे माझ्या आता कुठे लक्षात येतंय, की 'कसाय?' या एका शब्दात तो नेमकं काय मागत होता हे कदाचित त्यालाही स्वतःला सांगता आलं नसतं. मलाही जून महिन्यात सांगता आलं नव्हतं.

मी त्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "तुझा तो गच्चीवरचा फोटो मोठ्या साईजमध्ये पाठव ना."

"तो डिलीट केला ताई. फोनमध्ये जागा नव्हती."

माझ्याकडे होता तो व्हॉट्सअ‍ॅपने दाबून बारीक केलेला. तोच मी त्याला परत पाठवला, निळ्या ठिपक्याभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं, 'हे आपलं घर ना? मला तेव्हा दिसलंच नाही.'

बराच वेळ काही आलं नाही. रात्री जेवण झाल्यावर मेसेज आला.

'हो. पण लई बारीक आलंय. टाकीवर चढून काढू का, तिथून जास्त दिसतं.'

मी लिहिलं, 'टाकीवर चढू नकोस.' मग थोडं थांबून, 'तिथून काय काय दिसतं ते आधी सांग.'